एकदाच म्हणून

देवस्थानच्या वार्तापत्रात कोकेनसारख्या पदार्थाविषयी लेख आलेला पाहून काही महाजन मंडळींस नवल वाटेल, आणि काहींस ते खटकेलही. या पानांवर उत्सवांची वार्ता यावी, पालखीच्या मानकऱ्यांची नावे यावीत, जीर्णोद्धार निधीचा हिशोब यावा, फार तर एखाद्या अभंगाचे निरूपण यावे. परदेशातून चोरवाटेने येणाऱ्या एका पांढऱ्या पुडीची चर्चा येथे कशास, असा प्रश्न कोणीही करील. त्यास आमचे उत्तर साधे आहे. ज्या घरांत हा अंक जातो त्याच घरांतील मुले आज बंगळूर, पुणे, मुंबई येथे शिक्षणासाठी व नोकरीसाठी एकटी राहतात. आणि जी गावी राहिली आहेत त्यांच्यापासून समुद्रकिनारा घटकाभराच्या अंतरावर आहे. १९६० नंतरच्या दशकात कळंगुट-हणजूणच्या वाळूवर परदेशी हिप्पी येऊन राहू लागले, तेव्हापासून अमली पदार्थ हा गोव्याच्या दृष्टीने वर्तमानपत्रातील दूरचा विषय उरलेला नाही.

कोकेनने आपला देश ग्रासून टाकला आहे, असा आरडाओरडा करण्याचा मात्र आमचा हेतू नाही. केंद्र सरकारने दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेकडून २०१८ साली जी देशव्यापी पाहणी करविली, तीत कोकेन घेणाऱ्यांचे प्रमाण दर हजारी एक, एवढेच आढळले. दारूने याच्या कितीतरी पट अधिक घरे बुडविली आहेत, हे आम्ही जाणतो. तरी आम्ही हाच पदार्थ निवडला, याचे कारण असे की, "एकदाच घेऊन पाहिले तर काय बिघडते?" हा जो प्रश्न दारूपासून जुगारापर्यंत सर्वत्र दबक्या आवाजात विचारला जातो, तो कोकेनच्या बाबतीत अगदी उघडा होऊन समोर येतो. शिवाय ही वस्तू महाग आहे. श्रीमंतांच्या व नटनट्यांच्या मेजवान्यांत ती असते असा तिचा लौकिक असल्यामुळे, ती घेणारा स्वतःस व्यसनी समजत नाही; तो स्वतःस अनुभवाचा रसिक समजतो.

गेल्या जत्रेच्या रात्री पालखी देवळाभोवती फिरून आत गेल्यावर, दीपस्तंभापाशी उभ्या असलेल्या चार-पाच तरुणांचे बोलणे आमच्या कानी पडले. त्यांतील एक जण मोठ्या शहरातून सुट्टीवर आलेला. कपडे नीटस, बोलणे चतुर, आणि स्वभावाने मुळीच वाईट नव्हे. "एकदां घेवन पळयल्यार कितें जाता?" असे तो हसत इतरांस विचारीत होता. त्याचा युक्तिवाद असा : वडील माणसे सांगत आली की, हा पदार्थ एकदा नाकाला लागला की मनुष्य कायमचा गेला; मी तो घेतला, आणि हा पहा मी तुमच्यासमोर उभा आहे, नोकरी करतो आहे, आईला पैसे पाठवितो आहे; तेव्हा वडील माणसे एक तर अजाण आहेत, नाही तर खोटे बोलतात. ऐकणारे निरुत्तर झाले होते. निरुत्तर होण्यावाचून त्यांस गत्यंतरच नव्हते, कारण त्यांना आजवर जे उत्तर शिकविण्यात आले तेच मुळी चुकीचे होते.

एकदा कोकेन घेणारा प्रत्येक मनुष्य व्यसनी होतो, हे खरे नाही. अमेरिकेत या विषयाच्या मोठ्या पाहण्या झाल्या आहेत. त्यांवरून असे दिसते की, पहिल्यांदा घेतल्यापासून वर्षभरात शंभरातील सुमारे पाच-सहा जण त्याच्या अधीन होतात, आणि पुढील सर्व आयुष्याचा हिशोब धरला तर सुमारे पाचांतील एक. म्हणजे चार जण त्या टोकास जात नाहीत. मुलांना भीती घालण्यासाठी थोडे खोटे सांगावे, हेतू चांगला असला म्हणजे झाले, असे मानणारे पुष्कळ आहेत. आम्हांस ते मान्य नाही; आणि ते केवळ सत्याच्या आग्रहामुळे नव्हे, तर व्यवहाराच्या दृष्टीनेही. खोटी भीती एका धडधाकट मित्राच्या दर्शनाने मोडते, आणि ती मोडली की तिच्याबरोबर खऱ्या भीतीवरचा विश्वासही जातो. बागुलबुवाचे नाव घेऊन मुलास विहिरीपासून दूर ठेवणाऱ्या आईस एक दिवस असे आढळते की, मुलाची बागुलबुवावरची श्रद्धा उडाली आहे, आणि विहीर तर आहे तेथेच आहे.

मग पाचांतील चार सुटत असतील, तर एकदा घेण्यात वावगे ते काय? हा प्रश्न टाळून चालणार नाही. येथे गणिताचे काम संपते आणि धर्माधर्माचा विचार सुरू होतो.

द्यूतसभेचा प्रसंग सर्वांस ठाऊक आहे. धर्मराजाने द्रव्य लावले, राज्य लावले, एकेक करून भाऊ लावले, मग स्वतःस लावले, आणि सर्वांच्या शेवटी द्रौपदीस लावले. तिला सभेत नेण्यासाठी दूत आला तेव्हा तिने प्रथम केले ते हे की, सभेला एक प्रश्न विचारून पाठविला : राजा आधी स्वतःला हरला, की मला? जो स्वतःलाच हरून बसला, त्याच्यापाशी दुसऱ्यास पणाला लावण्याचा अधिकार कोठून उरला? भीष्मांसारख्या ज्ञात्यालाही या प्रश्नाचे निश्चित उत्तर देता आले नाही. हा प्रश्न साधारणतः स्त्रीच्या हक्काच्या दृष्टीने वाचला जातो, आणि ते योग्यच आहे. परंतु त्यात आणखी एक गोष्ट आहे. द्रव्य पणाला लावणारा हरला तरी मागे उरतो. त्याला पश्चात्ताप होऊ शकतो, तो पुन्हा मिळवू शकतो. स्वतःस पणाला लावणारा हरला की मागे 'पुरे' म्हणावयासही कोणी उरत नाही. डाव मग आपोआप पुढे चालतो, आणि घरातील माणसे एकामागून एक पटावर येऊ लागतात.

कोकेनच्या बाबतीत पणाला लागते ती नेमकी हीच वस्तू. हे आम्ही अलंकाराने म्हणत नाही. देहशास्त्राचे म्हणणेही असेच आहे. मेंदूतील पेशी एकमेकींस काही रसद्रव्यांच्या द्वारे निरोप देतात. त्यांपैकी डोपामीन नावाचे द्रव्य, 'ही गोष्ट मोलाची आहे, ही लक्षात ठेव, ही पुन्हा कर' अशा स्वरूपाचा निरोप पोचविते. भुकेल्यास अन्न मिळाले, विद्यार्थ्यास शाबासकी मिळाली, तान्हे मूल आईकडे पाहून हसले, की हा निरोप जातो. आणि निरोप पोचला की ते द्रव्य पुन्हा मूळ पेशीत ओढून घेतले जाते. कोकेन हे परतीचे दार बंद करते. द्रव्य साचत राहते, निरोप थांबत नाही, आणि ज्याने काहीही मिळविलेले नाही अशा मनुष्यास आपण सर्व काही मिळविले असे वाटू लागते. नाकावाटे घेतले असता हे सर्व पंधरा मिनिटे ते अर्धा तास टिकते. मग उतार लागतो, आणि त्या उतारावर उभे राहून मनुष्य पुन्हा वर पाहू लागतो.

आता 'प्रयोग' या शब्दाकडे पाहू, कारण तरुणांच्या तोंडी हा शब्द फार असतो. घेऊन पाहतो, चांगले वाटले नाही तर सोडून देतो, असे ते म्हणतात. यात गृहीत काय धरले आहे? परीक्षा होऊन गेल्यावर परीक्षक जसाच्या तसा शिल्लक राहील, हे गृहीत धरले आहे. आमचा जन्म पुजाऱ्याच्या घरातला, म्हणून आम्हांस एक दाखला सहज सुचतो. देवाला कौल लावतात तेव्हा मूर्तीवर ओल्या पाकळ्या लावून, उजवी पडते की डावी, याची वाट पाहत भाविक हात जोडून उभा राहतो. या साऱ्या विधीचा अर्थ एवढाच की, ज्याचे काम आहे त्याने निर्णय करू नये. ज्याला लोभ नाही, भय नाही, अशा कोणाकडून तो यावा. देवाला प्रश्नाची लागण होत नाही, म्हणून त्याच्या उत्तरास किंमत. (कौल मनाविरुद्ध गेला की, "भटजी, पुन्हा एकदा लावून बघा" म्हणणारे भाविकही आम्ही पुष्कळ पाहिले आहेत, त्यांचा निर्णय घरून निघतानाच झालेला असतो.) कोकेनच्या प्रयोगात कौल विचारणारा आणि देणारा एकच, आणि जे द्रव्य तपासावयाचे ते आधी त्या कौल देणाऱ्याच्याच मस्तकात शिरते. ते चांगले की वाईट हे ज्या मनाने ठरवावयाचे, त्याच मनाला ते 'हे मोलाचे आहे' असे सांगून बसलेले असते.

यावरून एक विलक्षण गोष्ट निष्पन्न होते, ती अशी की, पहिल्या वेळी ज्याला त्रास झाला, छाती धडधडली, घाम फुटला, तो त्यातल्या त्यात भाग्यवान म्हणावयाचा. ज्याला पहिल्या वेळी उत्तम वाटले, त्याची वाट अधिक निसरडी. आणि दुसरी गोष्ट अशी की, 'दुसऱ्यांदा' म्हणून कोणी कोकेन घेत नाही. प्रत्येक खेप ही त्या माणसाच्या मनाशी 'एकदाच' असते. आजच्या दिवसापुरती, या मित्राच्या लग्नापुरती, या वर्षाच्या अखेरीपुरती. व्यसन ही मोठी वस्तू नसून पुष्कळ 'एकदाच' एका ओळीत उभे राहिले म्हणजे त्यास व्यसन म्हणतात.

शुद्ध शास्त्रीय हेतूने प्रयोग करणाऱ्याचे काय झाले, हेही इतिहासात नमूद आहे. कोकाच्या पानांतून कोकेन वेगळे काढण्याचे काम जर्मनीतील ग्योटिंगेन येथे आल्बर्ट नीमान याने १८६० च्या सुमारास केले. १८८४ साली व्हिएन्नाच्या कार्ल कोलर या तरुण वैद्याने असे दाखविले की, त्याचे थेंब डोळ्यात घातले असता डोळा बधिर होतो व शस्त्रक्रिया वेदनेवाचून करता येते. हा शोध खरोखर मोठा होता. मोतीबिंदू काढताना रोग्यास धरून ठेवावे लागे तो काळ त्याने संपविला, आणि नाक-घशाच्या काही शस्त्रक्रियांत त्या द्रव्याचा उपयोग अजूनही होतो. ही वार्ता न्यूयॉर्कला पोचताच विल्यम हॉल्स्टेड या बत्तिशीतील शल्यवैद्याने व त्याच्या सहकाऱ्यांनी शरीराचा एकेक भाग बधिर करण्याची रीत शोधण्यासाठी स्वतःच्या अंगावर सुया टोचून प्रयोग आरंभिले. त्यांत चैन नव्हती, मेजवानी नव्हती. ज्ञानाची तळमळ होती. परंतु द्रव्याने हेतू विचारला नाही. त्या मंडळींतील अनेकांचा नाश झाला, आणि हॉल्स्टेड स्वतः त्याच्या पूर्ण आहारी गेला.

सप्टेंबर १८८५ मध्ये त्याने या प्रयोगांविषयी एक लेख न्यूयॉर्कच्या वैद्यकीय नियतकालिकात छापला. वैद्यकाच्या इतिहासात तो लेख प्रसिद्ध आहे, पण त्यातील ज्ञानासाठी नव्हे. त्याचे पहिलेच वाक्य इतके गुंतागुंतीचे व असंबद्ध आहे की, कितीही वेळा वाचले तरी लेखकास काय म्हणावयाचे आहे याचा थांग लागत नाही. ज्याची बुद्धी सुरीच्या पात्यासारखी म्हणून लौकिक होता, त्याच्या प्रयोगाचा अहवाल असा निघाला. पुढे त्याला रुग्णालयात राहावे लागले. तेथून तो सुटला तो मॉर्फीनच्या सवयीसह, आणि ती सवय त्यास बहुतेक जन्मभर पुरली. शस्त्रक्रियेत रबरी हातमोजे रूढ करणारा, बाल्टिमोर येथे शल्यवैद्यांच्या पिढ्या घडविणारा तो हाच मनुष्य, हे खरे. आणि कोणी म्हणेल की मग व्यसनाने त्याचे काय बिघडविले? १९२२ साली तो वारला तोवर, मोठेपणाच्या आड ही गोष्ट लपविण्यात त्याचे किती आयुष्य खर्ची पडले असेल याचा विचार असे म्हणणाऱ्याने करावा.

याच काळातील दुसरी हकीकत आम्हांस अधिक बोधक वाटते. मनोविश्लेषणाचा जनक म्हणून पुढे जगद्विख्यात झालेला सिग्मंड फ्रॉइड १८८४ साली अठ्ठावीस वर्षांचा, हातात पैसा नसलेला वैद्य होता. त्याने कोकेन स्वतः घेतले, त्यास ते फार आवडले, आणि त्याच वर्षी त्याने त्याच्या स्तुतीपर एक निबंध प्रसिद्ध केला. मॉर्फीनचे व्यसन सोडविण्यास याचा उपयोग होतो, असे त्याचे मत झाले. त्याचा एक मित्र व वडीलधारा सहकारी, एर्न्स्ट फॉन फ्लाइश्ल-मार्क्सो, हा अंगठा कापावा लागल्यानंतर उद्भवलेल्या असह्य मज्जावेदनांमुळे मॉर्फीनच्या अधीन झाला होता. फ्रॉइडने त्यास प्रेमाने, हितबुद्धीने कोकेन दिले. थोड्याच काळात तो मित्र कोकेनचे प्रचंड डोस घेऊ लागला, त्यास अंगावर किडे चालल्याचे भास होऊ लागले, आणि १८९१ साली, पंचेचाळिसाव्या वर्षी, तो गेला. फ्रॉइड स्वतः पुढे काही वर्षे अधूनमधून ते घेत असे. परंतु त्याचा असा विनाश झाला नाही.

एकच द्रव्य, एकच नगर, दोघेही बुद्धिमान. एक तरला, दुसरा बुडाला. परंतु आमचे लक्ष बुडालेल्यापेक्षा तरलेल्याकडे अधिक जाते. फ्लाइश्लला कोकेन कोणा विक्रेत्याने दिले नाही. ज्याला त्यापासून अपाय झाला नव्हता अशा मित्राने दिले. तो मित्र खोटे बोलत नव्हता. स्वतःचा खरा अनुभव तो सांगत होता, आणि म्हणूनच तो इतका परिणामकारक ठरला. बुडालेला मनुष्य कोणास भुलवीत नाही. त्याच्याकडे पाहून लोक शहाणे होतात. भुलवितो तो सुखरूप परत आलेला. दीपस्तंभापाशी उभा असलेला तो तरुण पाचांतील चारांपैकी असेल, आणि ईश्वर करो तसाच राहो. परंतु त्याचे बोलणे ऐकणाऱ्या चौघांमध्ये पाचवा कोण, हे त्यास कळण्याचा कोणता मार्ग होता? ज्याने एकदा घेतले व ज्यास काही झाले नाही, त्याच्या कर्माचा हिशोब त्याच्या देहापाशी मिटत नाही. तो आता साक्षीदार झालेला असतो, आणि इच्छा असो वा नसो, मित्रमंडळात त्याची साक्ष चालत राहते. 'माझे शरीर, माझी मर्जी' असे म्हणणाऱ्यांनी या बाजूचा विचार केलेला आम्हांस दिसत नाही.

आपल्याकडे हे काही नवे नव्हे. विसाव्या शतकाच्या आरंभी मुंबई, कलकत्ता, दिल्ली या शहरांत विड्यातून कोकेन खाण्याचे खूळ चांगलेच पसरले होते. सरकारने निर्बंध घातले, तरी जर्मनीत व जपानात तयार झालेला माल बोटींवरून चोरून येत राहिला, आणि १९३० मध्ये घातक औषधांविषयी स्वतंत्र कायदा करावा लागला. ज्या विड्याने आपण पाहुण्याचा सत्कार करतो त्याच्याच घडीत ते विष गेले होते. आजही पहिली पुडी बहुधा ओळखीच्याच हातून, आग्रहाने, आणि पैसे न घेता पुढे येते. नाही म्हणणे कठीण जाते ते पदार्थाच्या मोहामुळे नव्हे. आग्रह करणाऱ्याचा मान राखण्याची जी आपल्या रक्तात मुरलेली सवय आहे, तिच्यामुळे.

व्यसनाचा विचार येथवर झाला. परंतु एक वेळ अशीही असते की जिला दुसरी वेळच नसते. कोकेन रक्तवाहिन्या आकुंचित करते, रक्तदाब चढविते, हृदयाची गती वाढविते, रक्त गोठण्यास मदत करते, आणि हृदयाच्या ठोक्यांचे नियमन करणारे विद्युत्प्रवाहही बिघडविते. १९९९ साली अमेरिकेत हृदयविकाराचा झटका आलेल्या सुमारे चार हजार रोग्यांची चौकशी करून एक अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात असे दिसले की, कोकेन घेतल्यानंतरच्या पहिल्या तासात झटक्याचा धोका एरवीच्या चोवीस पट होतो. तरुणाचा मूळ धोकाच अल्प असतो, म्हणून चोवीस पट होऊनही बहुतेक वाचतात. हेही प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. परंतु १७ जून १९८६ रोजी लेन बायस या बास्केटबॉलपटूची बॉस्टनच्या नामांकित संघाने निवड केली, आणि १९ जूनच्या सकाळी कोकेनमुळे हृदयाची लय बिघडून तो मरण पावला, तेव्हा तो बावीस वर्षांचा व मैदानावरचा अत्यंत बलवान खेळाडू होता. मेजवानीत दारूही बरोबर असतेच. या दोहोंच्या संयोगाने यकृतात कोकाएथिलीन नावाचे तिसरेच द्रव्य तयार होते, ते शरीरात अधिक काळ राहते आणि हृदयास अधिक जड जाते. शिवाय पुडीत काय आहे हे देणाऱ्यासही ठाऊक नसते. जनावरांना जंतांसाठी देण्याचे लेव्हामिसोल हे औषध कोकेनमध्ये मिसळलेले वारंवार सापडले आहे, आणि अमेरिकेत अलीकडे फेंटानिल या अतितीव्र द्रव्याच्या भेसळीने पुष्कळ बळी घेतले आहेत. एकदाच घेणाऱ्याच्या अंगी तर त्याची सवयही नसते.

दक्षिण अमेरिकेतील डोंगराळ मुलखात लोक हजारो वर्षे कोकाची पाने चुन्यासारख्या द्रव्याबरोबर चघळीत आले, मग त्यांचे काय झाले, असा एक आक्षेप शिकलेली मुले घेतात. पानात कोकेनचा अंश शेकडा एकाच्या आतबाहेर असतो, आणि तो सावकाश अंगात उतरतो; उसाचे कांडे चघळणे आणि मद्यार्क पिणे यांत जे अंतर, तेच येथे. दुसरा आक्षेप आमच्या देवळातच ऐकू येतो, की शंकर भांग पितो, विष पितो, मग आम्हीच सोवळे का राहावे? यास उत्तर द्यावे की हसावे, असे होते. समुद्रमंथनात हालाहल वर आले तेव्हा देव आणि दानव दोघेही पळत सुटले, आणि ते दुसऱ्या कोणाच्या अंगावर जाऊ नये म्हणून शंकराने ते घेतले व कंठातच अडवून धरले. चव पाहावी म्हणून त्याने ते घेतले, असे सांगणारी कथा आम्ही अद्याप ऐकलेली नाही.

हालाहल दुसऱ्यांवर जाऊ न देणे ही गोष्ट निघालीच आहे, तर पुडीच्या किमतीचाही विचार करावा. कोलंबियात १९८९ च्या ऑगस्टमध्ये राष्ट्राध्यक्षपदाचे उमेदवार लुईस कार्लोस गालान यांची सभेत गोळ्या घालून हत्या झाली. त्याच वर्षी २७ नोव्हेंबरला कोकेनच्या व्यापाऱ्यांनी एका प्रवासी विमानात स्फोट घडवून आतील सर्व १०७ माणसे मारली. असे बळी तेव्हाही पडले आणि त्या व मेक्सिकोसारख्या देशांत पुढेही पडत राहिले. हा व्यापार ज्या पैशावर चालतो, त्यात मोठमोठ्या व्यसनी माणसांचा पैसा असतो, तसा 'एकदाच' घेणाऱ्या लक्षावधींचाही असतो. चोरीचे सोने एकदाच विकत घेतले म्हणून आपण कोणाची वाखाणणी करीत नाही.

द्यूताच्या कथेचा उत्तरार्ध लोक पुष्कळदा विसरतात. द्रौपदीमुळे पांडवांना सर्व काही परत मिळाले होते. राज्य, शस्त्रे, स्वातंत्र्य, सारे. ते इंद्रप्रस्थाच्या वाटेस लागलेही होते. तोच पुन्हा बोलावणे आले, आणि धर्मराज पुन्हा पटावर जाऊन बसला. बारा वर्षांचा वनवास व तेराव्याचा अज्ञातवास पदरी आला तो या दुसऱ्या खेळाने, पहिल्याने नव्हे. एकदा घेऊन जे सुखरूप सुटले आहेत, त्यांनी आपल्या सुटकेस शहाणपण समजू नये, एवढ्यासाठी हे लिहिले.

आता आईबापांशी दोन शब्द. मुलाने किंवा मुलीने घरी येऊन 'मी एकदा घेतले' असे सांगितले, तर त्याच क्षणी घर डोक्यावर घेऊ नये. जे मूल हे सांगते ते अद्याप पटावरून उठून आलेले आहे. घरात त्याच्यावर आग पाखडली गेली की पुढची गोष्ट ते घरी सांगत नाही, पुडी देणाऱ्यास सांगते. घेतल्यानंतर छातीत कळ, तीव्र डोकेदुखी, आकडी, अंग तापणे, बोलणे अडखळणे असे काही झाले तर १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी, आणि डॉक्टरांपासून काय घेतले हे मुळीच लपवू नये. एरवी हृदयास योग्य असलेली काही औषधे कोकेन अंगात असता अपायकारक ठरू शकतात. अब्रूचा विचार त्यानंतर करावा.

कायद्याची भीतीही पुष्कळांस गप्प बसविते. १९८५ च्या अमली पदार्थविषयक कायद्याप्रमाणे कोकेनचे सेवन हा गुन्हा असून त्यास एक वर्षापर्यंत सक्तमजुरी, किंवा वीस हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही, अशी शिक्षा आहे. शंभर ग्रॅमांहून अधिक साठा सापडला तर दहा ते वीस वर्षे. मित्राची पुडी 'जरा सांभाळ' म्हणून खिशात ठेवणाऱ्यानेही हे ध्यानात धरावे. तथापि त्याच कायद्याच्या ६४-अ कलमात, जो व्यसनी मनुष्य स्वेच्छेने मान्यताप्राप्त ठिकाणी उपचार घेण्यास पुढे येतो, त्यास सेवनाच्या किंवा अल्प प्रमाणाच्या गुन्ह्याबद्दल खटल्यातून सूट मिळण्याची सोय ठेवलेली आहे. ही गोष्ट फारच थोड्यांस माहीत असते. केंद्र सरकारची व्यसनमुक्तीसाठी १४४४६ या क्रमांकाची विनामूल्य दूरध्वनी सेवा आहे, आणि पुण्यास डॉ. अनिल व डॉ. सुनंदा अवचट यांनी १९८६ साली सुरू केलेले मुक्तांगण आपल्यापैकी अनेकांस ऐकून माहीत आहे.

कोकेनचे व्यसन सोडविणारे असे एकही खास औषध आजपर्यंत मान्य झालेले नाही. उपचार होतात ते मुख्यतः बोलण्याने, नेमाने, आणि सोबतीने. त्यास महिने लागतात, आणि त्या महिन्यांत घरच्यांनाही तेथे जाऊन बसावे लागते.